‘तुझ्या कुत्र्याचं नाव काय?’ असं विचारणाऱ्यांना

पूर्व केंटकीच्या डोंगरात, एका जुन्या चर्चच्या तळघरातून मुलांसाठी आणि कुत्र्यांसाठी काम करणाऱ्या तुम्हा सगळ्यांना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी कुणालाच मराठी येत नाही, तरी हे पत्र मराठीत लिहितोय. तुम्हाला जे सांगायचं ते तुमच्या भाषेत समोर येऊन सांगूच. पण अ‍ॅपलाचियाच्या या डोंगरपट्ट्यातल्या छोट्या हॉस्पिटलांमध्ये भारतातून आलेले कितीतरी डॉक्टर आहेत, त्यांत मराठी घरंही आहेत. दिवाळीला मदतीचा चेक कुणाच्या नावाने लिहावा, असा प्रश्न त्यांना पडतोच. त्यांनी हे वाचावं. आणि अमेरिकेत गरिबी असते यावर ज्यांचा विश्वास बसत नाही, त्यांनीही वाचावं.

आभार कशाचे, ते आधी सांगून टाकतो. चिकटपट्टीच्या एका तुकड्याचे. शुक्रवारी मुलांबरोबर घरी जाणाऱ्या खाऊच्या पिशवीत तुम्ही डॉगफूडचं एक वेगळं पुडकं घालता आणि त्यावर कागदी चिकटपट्टी लावून काळ्या मार्करने कुत्र्याचं नाव लिहिता. मुलाचं नाही, कुत्र्याचं. बडी. डेझी. कॉपर. ते लिहिण्याआधी तुमच्यातलं कुणीतरी मुलासमोर खाली बसतं आणि विचारतं, ‘तुझ्या कुत्र्याचं नाव काय?’ या डोंगरातल्या मुलांना आजवर पुष्कळ प्रश्न विचारून झाले आहेत. घरात माणसं किती, कमावतं कोण, वडील कुठे असतात, गेल्या महिन्यात पैसे किती आले. फॉर्म भरून घेणाऱ्यांची इथे कधीच वाण नव्हती. हा प्रश्न मात्र कुणी विचारला नव्हता.

मुलांच्या दवाखान्यात काम करणाऱ्यांना त्याची किंमत लगेच कळते. मुलाला शाळेत सकाळचा नाश्ता मिळतो, दुपारचं जेवण मिळतं, घरी स्नॅपचं म्हणजे सरकारी अन्नमदतीचं कार्ड आहे, शनिवार-रविवारसाठी पिशवीही जाते. कागदावर सगळं जागच्या जागी. तरी वजनाची रेघ वर चढत नाही. मग रक्ताची तपासणी, जंतांची तपासणी, आजीला पुन्हा तेच ते प्रश्न, चिठ्ठीवर पौष्टिक पावडर. आणि उत्तर असतं अंगणात साखळीला बांधलेलं. स्नॅपच्या कार्डावर डॉगफूड घेता येत नाही. साबण, डायपर, टूथपेस्ट यांच्यासारखंच तेही योजनेच्या बाहेर. महिनाअखेरीस ज्या घरात रोख पैसा उरत नाही, तिथे कुत्रा मुलाच्या वाट्यातलं खातो. मूल अर्धा डबा स्वतः खातं, अर्धा त्याला घालतं, आणि गप्प बसतं. सांगितलं तर कुत्रा घेऊन जातील, ही त्याची भीती.

ती भीती खोटी नाही. तुमच्याआधी आलेल्या एका मोठ्या संस्थेच्या माणसाने एका आजीला तोंडावर सांगितलं होतं, आधी कुत्रा देऊन टाका, मग मदतीचं बघू. इथे कितीतरी मुलं आजी-आजोबांकडे, म्हणजे इथल्या शब्दांत मॅमॉ आणि पॅपॉकडे वाढतात. वेदनाशामक गोळ्यांच्या आणि पुढे हेरॉइन-फेंटानिलच्या व्यसनाने मधली पिढी कुणाची तुरुंगात, कुणाची उपचारकेंद्रात, कुणाची मातीत गेली. अशा मुलाला त्याचा कुत्रा ‘देऊन टाक’ म्हणणं म्हणजे काय, हे त्या माणसाला कळलं नाही. तुम्हाला कळलं. म्हणून तुम्ही मुलाला रागावला नाहीत, कुत्र्याला हलवलं नाहीत, फक्त पुडक्यावर त्याचं नाव घातलंत. त्या नावाने आणखी एक गोष्ट झाली. पिशवी घेऊन जाणारं मूल आता कुणाकडून तरी घेणारं राहिलं नाही. तो बडीचं जेवण बडीकडे पोचवायला निघालेला माणूस झाला. वजनाची रेघ त्यानंतर चढू लागली. हे शब्द दवाखान्यातल्या जबाबदारीने लिहितोय.

त्या पुडक्यामागचा तुमचा हिशोबही सांगायला हवा, कारण ज्यांना असं काही सुरू करायचंय त्यांची चूक इथेच होते. वीस किलोच्या मोठ्या कुत्र्याला कोरडं डॉगफूड दिवसाला साधारण पाव किलो ते तीनशे ग्रॅम लागतं. शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ म्हणजे नऊशे ग्रॅम धरायचं. तुम्ही मूठ किंवा कप वापरत नाही, तराजू वापरता, कारण वेगवेगळ्या कंपन्यांच्या एका कपाचं वजन वेगळं भरतं. दान म्हणून आलेली दहा प्रकारची पोती एकत्र ओतत नाही, कारण खाणं एकदम बदललं की कुत्र्याला जुलाब होतात आणि छोट्या घरात ते निस्तरायला आजीलाच लागतं. बदलायचंच असेल तर आठवडाभर, आधी चौथा हिस्सा नवं, मग निम्मं, मग पाऊण. मूळ पोत्यावरचा लॉट नंबर वहीत उतरवून ठेवता, म्हणजे कंपनीने माल परत मागवला तर तो कुठल्या घरी गेला ते सापडतं. आणि ज्या घरात उंदीर आहेत तिथे घट्ट झाकणाची बादलीही जाते. किराणा दुकानाच्या बेकरीत केकवरच्या आयसिंगच्या अशा बादल्या रिकाम्या होतात आणि मागितल्या तर मिळतात.

खंगलेल्या कुत्र्याच्या पुडक्यावर तुम्ही नावाखाली आणखी एक ओळ लिहिता: थोडं थोडं, दिवसातून चार वेळा. उपाशी जीवाला एकदम पोटभर घातलं तर रक्तातलं फॉस्फरस झपाट्याने खाली येतं, हृदय आणि स्नायू साथ सोडतात, आणि दयेपोटी घातलेल्या खाण्यानेच तो मरतो. उपासमार झालेल्या माणसालाही हाच धोका असतो. मूल जे प्रेमाने करणार ते त्याच्या हातून बरोबर व्हावं, याची ती ओळ काळजी घेते.

मुलाच्या पिशवीबद्दल लिहायला हवं. ती भरणाऱ्या आजींनी शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य काढलंय आणि ते प्रत्येक वस्तूत दिसतं. डबे फक्त ओढून उघडायच्या झाकणाचे, कारण घरात डबा फोडायची चावी असेलच असं नाही. शिजवावं लागेल असं काही नाही, कारण गॅस संपलेला असतो किंवा वीज तोडलेली असते. पाणी घालावं लागेल असंही नाही, कारण पुष्कळ घरांत विहिरीचं पाणी लोखंडाने तांबडं असतं आणि कोळशाच्या खाणींच्या आसपास तर त्याच्यावर भरवसाच नसतो. पीनट बटर, मऊ बिस्किटं, ट्यूनाची पाकिटं, बीन्स, सिरपऐवजी रसातल्या फळांच्या वाट्या, फ्रिजबाहेर टिकणारं दूध. सांध्यावर पोचा आलेला डबा बाहेर काढायचा, शिवणीतून हवा गेली की आतलं विषारी होऊ शकतं. लहान वर्गासाठी पिशवी तीन किलोच्या आत, कारण बस मुख्य रस्त्यावर सोडते आणि तिथून पुढे घळीत चढून जायचं असतं. दोन डोंगरांमधल्या या अरुंद घळींना इथे हॉलर म्हणतात. एका हॉलरला बहुधा एकच रस्ता, त्याला लागून ओढा, आणि ओढ्यापलीकडे घरं.

पिशवी दप्तरात जाते ती जेवणाच्या सुट्टीत, मुलं वर्गाबाहेर असताना. केंटकीत १९९०च्या शिक्षणसुधारणा कायद्याने शाळांमध्ये फॅमिली रिसोर्स सेंटरं उघडली गेली. त्या खोलीत बसणाऱ्या बाईंना कोणाच्या घरी काय चाललंय ते ठाऊक असतं, आणि तुम्ही त्यांच्याच हातून काम करता. यादी वेगळी काढत नाही, मुलांना रांगेत उभं करत नाही, फोटो काढत नाही. बुधवारी हवामानाचा अंदाज बघता, आणि शुक्रवारी बर्फ दिसलं तर पिशव्या गुरुवारीच देता. वाचताना ही बाब किरकोळ वाटेल, पण सगळ्यात जास्त फरक पडतो तो इथे. डोंगरात बर्फ पडलं की शाळा बंद, आणि शाळा बंद म्हणजे नाश्ता, जेवण, शुक्रवारची पिशवी, तिन्ही एकदम बंद. ज्या आठवड्यात मूल सर्वांत जास्त उपाशी असतं, त्याच आठवड्यात इतर योजनांचं दार लागलेलं असतं.

फोटोबद्दल थोडं सविस्तर, कारण या मुलखाला फोटोंनी फार छळलंय. एप्रिल १९६४मध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन इथल्या मार्टिन काउंटीत, इनेझजवळ एका घराच्या ओसरीवर बसले आणि गरिबीविरुद्धच्या युद्धाची ती प्रतिमा झाली. त्यानंतर साठ वर्षं कॅमेरे येत राहिले. अनवाणी मूल, मोडकी पायरी, मागे उदास डोंगर. पुष्कळ जण पैसे गोळा करायला त्या ओसऱ्यांवर चढले आणि पुन्हा दिसले नाहीत. १९६५मध्ये अ‍ॅपलाचियासाठी खास आयोग नेमला गेला, रस्ते झाले, दवाखाने झाले, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण खाणी बंद पडत गेल्या आणि माणसं शहराकडे निघून गेली, तसे मदत करणारेही डिसेंबरपुरतेच उरले. नाताळला खेळण्यांचा ट्रक, फेब्रुवारीत कुणी नाही. जुलै २०२२च्या पुरात तर हे उघडंच पडलं. ट्रबलसम क्रीक आणि केंटकी नदीचा उत्तर फाटा एका रात्रीत घरं घेऊन गेले, ४०हून अधिक माणसं गेली, आणि त्यानंतर बाहेरून आले ते वापरलेल्या कपड्यांचे ढीग. भर उन्हाळ्यात लोकरीचे कोट, विजोड बूट. ते वेचायला, वाळवायला, फेकायला माणसं कुणाची लागली? ज्यांचं घर वाहून गेलं होतं त्यांचीच. त्या आठवड्यात तुम्ही नवे मोजे, ब्लीच, फावडी आणि कुत्र्यांच्या गळ्यातले पट्टे वाटत होतात.

कुत्र्यांच्या बाबतीतही असंच. पिल्लं गोंडस दिसतात, उत्तरेकडच्या राज्यांत त्यांना घरं पटकन मिळतात, म्हणून पिल्लं नेणारे पुष्कळ. आई मागे साखळीला तशीच. सहा-आठ महिन्यांत ती पुन्हा माजावर येते, पुन्हा वेत, पुन्हा पिल्लांचा फोटो, पुन्हा गाडी. तुम्ही पिल्लं उचलता तेव्हाच आईच्या नसबंदीची तारीख ठरवता. ती लगेचची नसते, आणि यातच जाणकारी आहे. पिल्लं अंगावरून तुटल्यावर दूध आटायला दोनेक आठवडे द्यावे लागतात. सड भरलेले असताना शस्त्रक्रिया केली तर रक्त जास्त जातं आणि जखम नीट सांधत नाही. तेवढे दिवस तिला घराबाहेरच्या कुत्र्यांपासून राखण्यासाठी तुम्ही जाळीचं दार उसनं देता. मोठ्या कुत्रीला रात्रीपासून अन्न नाही, पाणी चालेल. लहान पिल्लाला मात्र सकाळी चमचाभर खाणं, नाहीतर साखर उतरते. थंडीत पोटावरचे केस काढलेली कुत्री बाहेर ठेवायची नाही, दहा ते चौदा दिवस उड्या नाहीत. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांची कुत्री तुम्हीच नेता आणि तुम्हीच परत आणता. परत आणता, हे पुन्हा लिहितो. त्या मुलाचा कुत्रा त्या मुलाकडेच राहतो.

जंतांच्या औषधाचे आभार दवाखान्याकडून वेगळे मानायला हवेत. पिल्लाला गोल जंत आईच्या पोटातच लागतात आणि अंकुशकृमी आईच्या दुधातून, म्हणून दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या आठवड्याला औषध, दर वेळी वजन करून. एकदा पाजून भागत नाही. शरीरात फिरणाऱ्या अळ्यांना ते औषध लागू पडत नाही, त्या आतड्यात उतरल्या की पुढचा डोस हवा. गोल जंताची अंडी मातीत पडल्यावर संसर्ग करण्याजोगी व्हायला दोन ते चार आठवडे घेतात, म्हणजे विष्ठा वेळच्या वेळी उचलली तर धोका तिथेच संपतो. नाही उचलली तर त्याच मातीत बोटं घालणाऱ्या मुलाच्या पोटात ती जातात, आणि अळी डोळ्यात पोचली तर दृष्टी जाऊ शकते. अनवाणी पायातून कुत्र्याच्या अंकुशकृमीची अळी कातडीत शिरते. माणसातल्या अंकुशकृमीविरुद्ध १९०९ ते १९१४ या काळात रॉकफेलर आयोगाने दक्षिणेतल्या ११ राज्यांत मोहीम काढली होती, त्यांत केंटकीही होतं. तेव्हा आयोग लागला. तुमच्याकडे एक वजनकाटा, औषधाची बाटली आणि सिरिंज आहे, आणि पिल्लं धरायला तुम्ही त्या घरातल्याच मुलाला लावता.

खरजेने केस गेलेल्या कुत्र्याला इथे पूर्वी गोळी घालत. आता वजनानुसार दिलेली चघळायची गोळी बहुतेक वेळा काम करते, आणि घरातल्या मुलांची खाजही थांबते. पार्व्हो या संसर्गजन्य रोगाने पिल्लं मेलेल्या अंगणात वर्षभर लस न झालेलं पिल्लू आणायचं नाही, कारण मातीत तो विषाणू ब्लीचलाही दाद देत नाही. पक्की जमीन आणि भांडी आधी साबणाने धुवायची, मग साडेतीन-चार लिटर पाण्यात अर्धा कप ब्लीच, दहा मिनिटं ओलं ठेवायचं. ही पानं तुम्ही शाळेच्या वहीच्या मापाची छापलीत, वाक्यं दुसरी-तिसरीच्या मुलाला वाचता येतील एवढी सोपी. घरात वाचणारं माणूस बहुतेकदा तेच असतं.

आणि खोपटी. खाणीतून निवृत्त झालेले तुमचे काका श्वास पुरत नसतानाही ती बांधतात. आतली जागा मुद्दाम लहान, कुत्र्याला उभं राहून वळता येईल एवढीच, कारण तिथे ऊब त्याच्या अंगाचीच असते. जमिनीपासून चार इंच उचललेली. दोन फळ्यांच्या मध्ये दीड इंच फोम, उघडा ठेवला तर कुत्रा कुरतडतो. दार मध्यावर नाही, एका बाजूला, म्हणजे वारा थेट अंगावर येत नाही, आणि तोंड दक्षिणेला किंवा पूर्वेला. दाराच्या पडद्याला खाणीतल्या जुन्या कन्व्हेयर बेल्टचं रबर, ते ना फाटतं ना थंडीत तडकतं. छत बिजागरीवर, आतलं बदलता यावं म्हणून. आत गव्हाचं काड. लोक मायेने जुनी गोधडी टाकतात. ती ओल धरते, गोठते आणि कुत्र्याची ऊब ओढून घेते. वाळकं गवतही नको, ते पाणी शोषतं, कुजतं. काडाच्या नळ्या पोकळ असतात, त्यांत हवा अडकते आणि ओल खाली निथळते. दोन तृतीयांश भरायचं, कुत्रा स्वतः त्यात बीळ करतो.

बाहेरून आलेले लोक या डोंगरातल्या माणसांबद्दल जे बोलतात, ते ऐकून राग येतो. १९२५मध्ये मेरी ब्रेकिनरिज यांनी लेस्ली काउंटीत परिचारिकांची सेवा सुरू केली, तेव्हा त्या घोड्यावरून ओढे ओलांडून बाळंतपणं करत होत्या. पुढे मंदीच्या काळात इथल्याच बायका घोड्यांवर पुस्तकं लादून घरोघरी पोचवत. २०२२च्या त्या रात्री सरकारी बोटी यायच्या आत शेजारीच कयाक आणि मासेमारीच्या होड्या घेऊन छपरांपाशी गेले. तुम्ही त्याच माणसांतले आहात. कुणाला काय हवं ते विचारायचं, विचारलंय ते लक्षात ठेवायचं आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा यायचं, ही तुमची रीत इथल्या मातीतलीच आहे. चांगुलपणा असा रोज करायचा असतो, हे तुमच्याकडे बघून पटतं.

आता या हिवाळ्याचं. तुमच्या फळ्यावर जे लिहिलेलं दिसलं, त्यातलं काडाचं काम आमच्याकडे घेतलंय. चौकोनी गठ्ठे, कोरडे, धान्य झाडून घेतलेले, नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी चर्चच्या मागच्या शेडमध्ये उतरवून देऊ. ते लाकडी पॅलेटवरच रचायला हवेत, थेट काँक्रीटवर ठेवले तर खालचा थर ओलावतो. ओढून उघडायच्या डब्यांचे पैसे वेगळे देतोय. त्यांतून काय घ्यायचं ते आजींनी ठरवावं, आमची कसलीच अट नाही. आणि चिकटपट्टीची रिळं व काळे मार्कर वर्षभर आमच्याकडून. लेस्लीकडच्या शाळेतही पिशव्या सुरू करायच्या म्हणत होतात, त्यांचाही यात हिशोब धरलाय.

तुमचे ऋणी,
डोंगरातल्या मुलांच्या दवाखान्यातले मराठी सहकारी

ता.क. डेझीच्या पुडक्याचं वजन या शुक्रवारपासून दुप्पट करा. ती पिल्लांना पाजतेय, हे घरच्या मुलाने काल तपासणीला आल्यावर सांगितलं. पिल्लं चौदा दिवसांची सोमवारी होतील.